मागचं इंजिन

रात्री अकराला माझी मालगाडी पुन्हा अडकली.
पडद्यावरच्या डोंगरात, चढणीच्या तिसऱ्या चौकोनावर,
ताशी सात किलोमीटर. मग पाच.
कोळशाचे अठरा डबे आणि पुढे एकटं इंजिन.
मागे चार गाड्या लाल सिग्नलला खोळंबलेल्या,
कोपऱ्यात कंपनीची शिल्लक आटत चाललेली.

बाबा स्वयंपाकघरातून आले,
हातात नाझुकीचा तुकडा, चष्मा कपाळावर.
"आणखी एक इंजिन लाव."

लावलं. पुढेच, पहिल्याला चिकटून.
इंजिनानं जागा खाल्ली की तेवढे डबे फलाटाबाहेर राहतात,
म्हणून दोन सोडून दिले.
पैसे वाचवायला जुनं, स्वस्तातलं घेतलं होतं,
तर सपाटीवरही अख्खी गाडी त्याच्याच चालीनं चालू लागली.
जोडीत जो मंद, त्याचा वेग तो दोघांचा.
आणि एक बिघडलं
की दुसरं धडधाकट असून जागच्या जागी उभं.
"संसार," बाबा म्हणाले.
हसले नाहीत.

थोड्या वेळानं:
"पुढे नको. मागे लाव."
खेळाला काही फरक पडत नाही, बाबा,
ओढलं काय, ढकललं काय, त्याच्या लेखी बेरीज तीच.
"मग तुझ्या खेळाला चढ कळलेला नाही.
सगळा भार पहिल्या कडीवर येतो. कडी तुटली की..."
आणि तळहात टेबलावरून मागे मागे घसरत नेला,
कडेपर्यंत.

एकोणतीस वर्षं सुरामीच्या घाटात बाबा मागचं इंजिन होते.
चालवत होते असं म्हणायला हवं. पण होते.
गाडी कुठली, चालली कुठे, हे विचारायचं नाही.
समोरच्या काचेत शेवटच्या डब्याची पाठ:
गंज, तेलाचे ओघळ, खडूनं लिहिलेले आकडे,
एकदा कुणी काढलेलं बदक.
पुढच्या इंजिनात गुरामी, पाऊण किलोमीटर दूर.
त्याची एक लांब शिटी म्हणजे रेट.
दोन आखूड म्हणजे पुरे, जा घरी.
माथ्यावर दोन आखूड वाजायच्या,
गाडी वळूनही न बघता उताराला लागायची,
आणि बाबा सुटे, हलके,
खाशुरीचे दिवे मोजत परत खाली.
गुरामीचा चेहरा नीट पाहिला
तो त्याच्या शवपेटीपाशी.
शिटी मात्र झोपेतही ओळखली असती, म्हणतात.

फोन उजळला. बारीहून आई.
तिकडे नऊ वाजलेत. तिथल्या म्हातारीला निजवून
ती बाल्कनीत उभी, म्हणून कुजबुजते:
फी भरली का. बॉयलरवाला येऊन गेला का.
सोमवारी पाठवते, या वेळी थोडे जास्त.
अकरा वर्षं झाली.
पडद्यावर तिचं कपाळ दिसतं, एक कान,
मागे कुणाचे तरी वाळत घातलेले पडदे.

"चाललंय," बाबा म्हणाले.
रोज फोन ठेवण्याआधी ते दातांतून एक शिटी देतात,
लांब. आई "हो, हो" म्हणते,
वाण्याच्या दुकानात म्हणावं तसं.
लहानपणापासून मला वाटायचं, हा त्यांचा लाड आहे.

आज शिटी आखूड होती.

तिकडे आवाज थांबला. रस्त्यावरून एक स्कूटर गेली, बारीत.
आई काही बोलली नाही,
मीही माउसवरचं बोट उचललं नाही.
दुसरी वाजली नाही.

"तोंडात पाव होता," बाबा नंतर म्हणाले
आणि बशी धुवायला गेले.
नळ बराच वेळ चालू राहिला.

मी गाडी डेपोत घेतली.
जुनं इंजिन सोडवलं, शेवटच्या डब्यामागे लावलं.
फरक पडत नाही, मला माहीत आहे.
तिसरा चौकोन. चौथा.
ताशी एकोणीस.